आधी ओहम मोजा, मग भोंगा बांधा

सप्ताहाचा दुसरा दिवस, दुपारचे दोन. मोटारसायकलवरून दोघे कार्यकर्ते माझ्या रिपेरीच्या दुकानात आले. मागे बसलेल्याने मशीन, म्हणजे अँप्लिफायर, तान्हं मूल धरावं तसं पोटाशी धरलं होतं.

"माऊली, काहीतरी करा. संध्याकाळी कीर्तन आहे आणि मशीन गेलंय. मालच खराब निघाला."

झाकण उघडलं आणि जळक्या वार्निशचा वास आला. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले होते. मशीन शंभर वॉटचं, दोन वर्षांचं, एरवी धडधाकट. मी एवढंच विचारलं, "भोंगे किती लावलेत?"

"चारच होते हो. काल चार वाढवले."

नाणे मावळातलं गाव. गावठाणात चार भोंगे पूर्वीपासून होते. यंदा वरची वाडी, खालची आळी, धनगरवस्ती आणि ठाकरवाडी या चौघांनी बैठकीत विषय काढला, की वर्गणी सगळ्यांची, मग हरिपाठ गावठाणानेच का ऐकायचा? मागणी अगदी रास्त होती. म्हणून आणखी चार भोंगे आणले आणि आधीच्या वायरीला वायर पिळून बांधून टाकले. रात्री आवाज छान आला. मशीन तापलं, पण 'नवीन भोंगे आहेत, ताकद लागणारच' म्हणून त्यावर ओला पंचा टाकून ठेवला. (हे कृपा करून कुणी करू नका. मशीनला ताप आलेला नसतो.) सकाळी काकड्याला आवाज चिरकायला लागला आणि भूपाळी संपायच्या आत मशीन मुकं झालं.

दरवर्षी माझ्याकडे अशी मशीन येतात. सप्ताह, चैत्रातल्या यात्रा, गणपती, नवरात्र, लग्नसराई, आणि आता लोणावळ्याकडचे भाड्याने जाणारे बंगले. रिपेरीचे पैसे मला मिळतात, त्यामुळे खरं तर मी गप्प बसायला हवं. पण कीर्तनाला दोन तास उरलेले असताना माणसं जो चेहरा घेऊन येतात तो बघवत नाही. म्हणून पवन, आंदर आणि नाणे अशा तिन्ही मावळांतल्या मंडळांना आणि बंगलेवाल्यांना विनंती आहे, की स्पीकर वाढवायच्या आधी एक कागद आणि पेन घ्या. पाचवीची भागाकाराची गणितं यावी लागतात, त्यापलीकडे काही नाही.

भोंग्याच्या युनिटवर किंवा स्पीकरच्या पाठीवर दोन आकडे असतात. एक वॉटचा, तो सगळे बघतात. दुसरा ओहमचा, घोड्याच्या नालासारखी खूण असलेला, तो कुणी बघत नाही. ओहम म्हणजे अडवणूक. मशीनकडून येणाऱ्या करंटला स्पीकर किती अडवतो, त्याचं माप. पेटीतले स्पीकर बहुतेक आठ किंवा चार ओहमचे असतात, भोंग्याची युनिटं बहुधा सोळाची. आकडा लहान म्हणजे अडवणूक कमी, आणि अडवणूक कमी म्हणजे मशीनला जास्त करंट द्यावा लागणार.

इथेच सगळे गोंधळतात. स्पीकर वाढले की ओहम वाढले पाहिजेत, असं मनाला वाटतं. पण वायरीला वायर जोडत गेलं की ओहम कमी होतात.

उर्से टोलनाक्यावर रविवारी संध्याकाळी उभं राहून बघा. चार खिडक्या उघड्या असतील तर अमुक इतक्या गाड्या पुढे सरकतात. आणखी चार उघडल्या की दुप्पट गाड्या सुटतात. प्रत्येक खिडकी तेवढीच अडवते, पण सगळ्या मिळून अडवणूक निम्मी झाली. शेजारीशेजारी लावलेले स्पीकर असेच असतात. ही पॅरलल जोडणी, शाळेच्या पुस्तकातली समांतर. आता जुन्या हायवेने ज्याने आधी वरसोलीचा आणि मग सोमाटण्याचा नाका भरला आहे त्याला विचारा. तिथे अडवणुकीची बेरीज झाली. एका स्पीकरमधून निघालेली वायर दुसऱ्यात आणि तिथून परत मशीनला, ही सिरीज, म्हणजे एकसर जोडणी.

सारखेच स्पीकर असतील तर पॅरललमध्ये एकाच्या ओहमला स्पीकरच्या संख्येने भागा आणि सिरीजमध्ये गुणा. आठ ओहमचे दोन पॅरलल म्हणजे चार, चार पॅरलल म्हणजे दोन. तेच दोन सिरीजमध्ये लावले तर सोळा.

त्या गावाचा हिशोब आता तुम्हीच करा. सोळा ओहमचे चार भोंगे पॅरलल, सोळा भागिले चार, म्हणजे चार ओहम. मशीनच्या मागे चारच्या टर्मिनलला वायर होती. अगदी बरोबर. पूर्वी ज्याने कुणी बसवलं त्याला कळत होतं. आठ झाल्यावर सोळा भागिले आठ, दोन ओहम. शंभर वॉटचं मशीन चार ओहमला वीस व्होल्ट आणि पाच अँपिअर देतं. दोन ओहम समोर आले की तेच वीस व्होल्ट दहा अँपिअर मागतात, म्हणजे दोनशे वॉट. शंभर किलोच्या वजनकाट्यावर दोनशे किलोचं पोतं टाकलं तर काटा लगेच मोडत नाही, थोडा वेळ आकडा दाखवतो. मशीनने एक रात्र दाखवला.

बरं, एवढं करून मिळालं काय? मशीन दोन ओहमचं असतं आणि टिकलं असतं, तरी त्याचे शंभर वॉट आठ भोंग्यांत वाटले गेले असते. म्हणजे आधी प्रत्येकाला पंचवीस मिळत होते, ते साडेबारावर आले असते. भोंगा वाढवल्याने ताकद वाढत नाही, ती फक्त वाटली जाते. आणि वॉट दुप्पट केले तरी कानाला आवाज दुप्पट लागत नाही, जेमतेम तीन डेसिबलचा फरक पडतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट वॉट लागतात. उलट भोंगा माणसांच्या जवळ आणला तर फुकट फायदा होतो, कारण मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात. तेव्हा वाडीला वेगळा भोंगा हवा हे गावकऱ्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. फक्त तो जोडायचा कसा हे कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मी जुनं एक मशीन उसनं दिलं आणि त्यांच्याच वायरी वेगळ्या जोडायला लावल्या. आठ भोंग्यांच्या चार जोड्या केल्या. जोडीतले दोघे सिरीजमध्ये, म्हणजे बत्तीस ओहम. अशा चार जोड्या पॅरलल, बत्तीस भागिले चार, आठ ओहम. मशीनच्या आठच्या टर्मिनलला लावलं आणि काम झालं. जोडी बांधताना एक पथ्य आहे, की दोघे जुळे असावेत, ओहमही सारखे आणि वॉटही सारखे. सिरीजमध्ये आठ आणि चारचे स्पीकर एकत्र लावले तर आठवाला दुप्पट वॉट खातो. पॅरललमध्ये लावले तर चारवाला दुप्पट खातो, आणि दोघांचे मिळून होतात दोन पूर्णांक सदुसष्ट, जे बहुतेक मशीनना झेपत नाहीत. शिवाय जोडीतला एक मेला की दुसराही मुका होतो. तेव्हा एका जोडीत दोन वाड्यांचे भोंगे घालू नका. एक गावठाणात, एक वाडीवर असे ठेवले तर बिघाड झाला तरी गावठाण पूर्ण मुकं होत नाही, फार तर एका वाडीचा आवाज जातो.

टर्मिनलविषयी थोडं थांबून सांगतो, कारण निम्मी मशीन तिथे मरतात. देवळातल्या मशीनच्या मागे स्क्रूची पट्टी असते. कॉमन, चार, आठ, सोळा, मग बऱ्याच मशीनवर सत्तर व्होल्ट आणि शंभर व्होल्ट. एक वायर कॉमनला, दुसरी यांतल्या एकाच स्क्रूला. 'चारला आवाज कमी येतो, सोळाला लावला की वाढतो,' असं मला पुष्कळांनी अभिमानाने सांगितलं आहे. वाढतो, खरं आहे. शंभर वॉटच्या मशीनला सोळाच्या स्क्रूवर चाळीस व्होल्ट असतात. त्याला चार ओहमचा भार दिला की मशीनकडे तुम्ही चारशे वॉट मागता. आणि चारच्या स्क्रूला गावठाणाचे भोंगे, आठच्या स्क्रूला मंडपातल्या पेट्या, असा दोन्ही स्क्रूंवर पूर्ण भार टाकणारेही भेटतात. ती पट्टी म्हणजे तीन वेगळ्या मशीनच्या खिडक्या नव्हेत. मशीन एकच आहे आणि वॉट तेवढेच आहेत.

हिशोबाचा ओहम हा मशीनच्या ओहमइतका किंवा त्याहून जास्त असावा, कमी कधीच नको. जास्त झाला तर ट्रान्झिस्टरच्या मशीनला काही होत नाही, आवाज थोडा कमी येतो इतकंच. जुनं वाल्वचं मशीन कुणाकडे जपून ठेवलेलं असेल तर मात्र त्याला नेमका ओहम द्या, आणि स्पीकर न लावता ते कधीही वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर जातो.

आता लांबच्या वाडीचं. ओहमचा हिशोब बरोबर केला तरी तिथे वेगळाच चोर बसलेला असतो, तो म्हणजे वायर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आणि वाडी तीनशे मीटरवर असली, तर जाऊन-येऊन सहाशे मीटर वायर होते. तिचाच रोध सव्वासात ओहमच्या आसपास जातो. पलीकडे सोळाचा एक भोंगा असेल तर त्याला मिळणारे वॉट निम्म्याहून कमी होतात. दुकानदार जी स्वस्त बारीक वायर गळ्यात मारतो तिने तर याहून वाईट.

यावरचा उपाय आपल्या मावळात शंभर वर्षांपासून डोळ्यांसमोर आहे. लोणावळ्याकडच्या टाटांच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ साली वीज सुरू झाली आणि ती तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना गेली. ती वीज लाखभर व्होल्टच्या दाबाने पाठवली होती. दाब जास्त ठेवला की तेवढ्याच शक्तीला करंट थोडा लागतो, आणि करंट थोडा असला की तार फारसं खात नाही. मुंबईत पोचल्यावर ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवून घ्यायचा. मशीनच्या मागचा शंभर व्होल्टचा स्क्रू हेच काम गावाच्या मापात करतो.

तिथून वायर काढायची आणि प्रत्येक भोंग्यापाशी एक लाइन ट्रान्सफॉर्मर लावायचा. त्यावर पाच, दहा, वीस वॉट असे टॅप असतात आणि दुसऱ्या बाजूला युनिटचा ओहम लिहिलेला असतो. वीस वॉटचा टॅप शंभर व्होल्टच्या लाइनला पाचशे ओहमसारखा दिसतो. पाचशेपुढे वायरीचे सव्वासात ओहम म्हणजे किरकोळ, शेकडा तीन वॉटसुद्धा वाया जात नाहीत. या पद्धतीत भागाकारही सुटला. सगळे पॅरलल लावा आणि फक्त टॅपच्या वॉटची बेरीज करा. बेरीज मशीनच्या वॉटच्या आत राहिली पाहिजे. मी तर शंभरच्या मशीनला ऐंशीवर थांबा म्हणतो. धनगरवस्तीत चार घरं आहेत तर तिथे पाचचा टॅप, वरची वाडी मोठी आहे तर तिथे वीसचा. वर्गणीच्या प्रमाणात टॅप द्यायचा की घरांच्या, हे बैठकीत ठरवा, त्यात मी पडणार नाही.

पण शंभर व्होल्टच्या लाइनवर बिनट्रान्सफॉर्मरचा भोंगा चुकूनही टांगू नका. सोळा ओहमवर शंभर व्होल्ट म्हणजे सव्वासहाशे वॉट होतात. युनिटचा पडदा एका 'हॅलो'त फाटतो. आणि शंभर व्होल्टचा झटका बसतो, म्हणून मशीन बंद केल्याशिवाय त्या वायरीला हात लावायचा नाही. पोरांना तर नाहीच.

सगळं जोडून झाल्यावर, मशीनला वायर लावायच्या आधी, वायरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. गावात मोटार बांधणाऱ्याकडे असतोच, नाहीतर काही शे रुपयांत मिळतो. मीटर छापील ओहमपेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो. आठचा स्पीकर साडेसहाच्या आगेमागे, चारचा साडेतीनच्या खाली. त्यात चूक नाही, मीटर वेगळ्या तऱ्हेने मोजतो. पण आठची अपेक्षा असताना दोन दिसले तर काहीतरी उलटं जोडलं आहे, आणि शून्याच्या जवळ दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच दिसलं नाही तर वायर तुटली आहे. लाइन ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीला मात्र हा मीटर फसवतो. तिथे तो अगदी लहान आकडा दाखवतो आणि माणूस घाबरून सगळं उसकटतो. तिथे बेरजेवरच विश्वास ठेवा.

शॉर्टची भानगड आपल्याकडे जरा जास्तच. लोणावळ्याच्या पावसाची कुणाला ओळख करून द्यायची गरज नाही. जूनमध्ये पिळून चिकटपट्टी मारलेला जोड गणपतीपर्यंत हिरवा पडतो, कधी रोध वाढवतो, कधी दोन्ही तारा ओलसर होऊन एकमेकींना लागतात. म्हणून जोड छपराखाली डबीत घ्या, आणि भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकवा, म्हणजे आत पाणी साठत नाही. त्याहून चांगलं म्हणजे पावसाळ्यापुरते भोंगे उतरवून ठेवा. अधिक-उणेही सांभाळा. जवळजवळच्या दोन स्पीकरपैकी एकाला वायर उलटी लागली तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि बेस गायब होतो. मग लोक बेसचं बटण पूर्ण फिरवतात. पेटीतल्या स्पीकरला दीड व्होल्टच्या सेलचा क्षणभर स्पर्श करा, सेलच्या अधिक टोकाची तार ज्या टोकाला लावल्यावर पडदा बाहेर येतो ते अधिक. भोंग्यांचा पडदा दिसत नाही, तिथे खुणेवर चाला. भोंग्याला बेस मुळात झेपतच नाही, तो कमीच ठेवा.

बंगलेवाल्यांसाठी थोडक्यात. तुंगार्ली-वळवणकडच्या बंगल्यांत तलावाकाठी चार, लॉनवर चार असे स्पीकर पुरलेले असतात आणि ते सगळे दिवाणखान्यातल्या गाणी ऐकायच्या एका रिसीव्हरला लावलेले असतात. त्या रिसीव्हरच्या पाठीवर 'सहा ते सोळा ओहम' असं काहीतरी छापलेलं असतं, ते वाचा. पुढे ए आणि बी अशी दोन बटणं असतील आणि पाहुण्यांनी दोन्ही दाबली, तर बहुतेक रिसीव्हरमध्ये दोन्ही संच पॅरलल होतात. आठ-आठचे चार आणि चार-चारचे दोन होतात. रविवारी रात्री 'आपोआप बंद पडतो' म्हणून केअरटेकर फोन करतात तो यामुळेच. बाहेरच्या बागेला वेगळं शंभर व्होल्टचं मशीन ठेवा. आणि दोन चॅनेल जोडून ब्रिज करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. चॅनेलला किमान चार लिहिलं असेल तर ब्रिजला किमान आठ हवेत. डीजे लावणारी पोरं हे ऐकतील अशी आशा मी सोडलेली नाही.

आवाज पोचवायचं सांगितलं, आता कुठे थांबवायचा तेही सांगतो, कारण काही जण या हिशोबाचा उपयोग डोंगरापलीकडच्या गावाला जागं करायला करतील. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या माणसांपुरती सूट आहे, आणि सणांचे मोजके दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देतं. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. काकडा पहाटेचा असतो, हे मलाही माहीत आहे, मीही टाळ धरतो. पण सहाच्या आत शिखरावरचे भोंगे नकोत. गाभाऱ्यासमोर आठ ओहमच्या दोन लहान पेट्या पॅरलल लावा, चार ओहम होतात, आणि आवाज देवळाबाहेर जाणार नाही इतपत ठेवा. बाहेरच्या भोंग्यांच्या वायरीत एक स्विच बसवा आणि तो सहा वाजता चालू करा. फक्त स्विच असा बसवा, की भोंगे चालू करताना आतल्या पेट्या बंद होतील. नाहीतर दोन्ही मिळून ओहम पुन्हा घसरतील आणि मशीन पुन्हा पोटाशी धरून माझ्याकडे.

मशीन ज्या पेटीत ठेवता तिच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. किती भोंगे, कुठे, कितीच्या जोड्या, एकूण ओहम किती आणि वायर कोणत्या स्क्रूला. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते, बसवणारा माणूस पुण्याला कंपनीत लागलेला असतो, आणि नव्या पोरांना वायरींचं जाळं तेवढं मिळतं.

त्या गावाने कागद चिकटवला होता. सप्ताह संपल्यावर तेच दोघे मशीन न्यायला आले, पेढे घेऊन. चहा झाला. मग एकाने चाचरत विचारलं, "माऊली, शाळेपाशी पण एक लावावा म्हणतात. नववा."

"नववा जोडीत बसत नाही," मी म्हटलं. "दहा आणा. पाच जोड्या होतील. बत्तीस भागिले पाच?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा बोटांवर काहीतरी करत होता. "सहा पूर्णांक चार," तो म्हणाला, आणि मग स्वतःच पुढे, "म्हणजे वायर आठच्या स्क्रूवरून चारच्या स्क्रूवर."